मैना बसली तो पाडवा

आबा फटफटीचा सायलेन्सर काढायचे, त्या दिवशी आमच्या घरात दिवाळी सुरू व्हायची. लोकांच्या घरी ती आकाशकंदिलानं येते, वसुबारसेच्या पणतीनं येते, बेसन भाजल्याच्या वासानं येते. आमच्याकडे बेसनाचा वास आणि पेट्रोलचा वास हातात हात घालून यायचे. आई आतून ओरडायची, "अवो, ती फटफटी जरा लांब न्या की! लाडवाला वास लागंल." आबा गाडी तसूभरही हलवायचे नाहीत. काढलेलं नळकांडं ते एका जुन्या धोतराच्या फडक्यावर असं अलगद ठेवायचे, जसं काही झोपलेलं मूल गादीवर ठेवताहेत. मग हात पुसायचे, आभाळाकडं बघायचे आणि किक मारायचे. जो काही आवाज उठायचा! पत्र्यावरची कबुतरं उडायची, शेजारच्या हसनचाचांच्या शिलाई मशीनची सुई दोन टाके वाकडी जायची, आणि त्या सगळ्या धुमाकुळातून, गोठ्याच्या अंधारातून, एक लांब, तृप्त, ओलसर हंबर यायची. मैना उत्तर द्यायची.

मैना म्हणजे आमची म्हैस. एखाद्या नटीला शोभावं असं नाव आणि तसाच तोरा. ज्यांनी कोल्हापूरचा पाडवा बघितलेला नाही त्यांना मी नेहमी सांगते, आमच्याकडे त्या दिवशी बायकांनी नवऱ्याला ओवाळणं वगैरे सगळं होतं, पण खरा मान असतो म्हशींचा. दसऱ्यापासून त्यांची तयारी चालते. अंग भादरून त्यावर नक्षी काढायची, शिंगं रंगवायची, शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ. आणि मग मालकानं सायलेन्सर काढलेल्या गाडीवर बसून पुढं सुटायचं आणि म्हशीनं मागून धावायचं, दोरी नाही, काठी नाही, भर गर्दीत, पन्नास गाड्यांच्या कल्लोळात आपल्या मालकाची गाडी बरोबर ओळखून. परगावचे पाहुणे हे ऐकून गालातल्या गालात हसतात. मग मी त्यांना पाडव्याला बोलावते आणि रस्त्याच्या कडेला उभं करते. नंतर कुणी हसत नाही. एवढं मोठं काळं धूड चाळ वाजवत प्रेमानं आपल्या अंगाजवळून धावत गेलं की माणूस आपसूक दोन पावलं मागं सरतो.

आबांचं उद्यमनगरात लेथचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, त्यात दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि देवीचा फोटो. शाळा सुटली की मी तिथं जायची. लोखंडाच्या कात्रणांचा निळसर ढीग, मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास, आणि उन्हाचा एक तिरका पट्टा, ज्यात लोखंडाची धूळ हळूहळू वर जाताना दिसायची. आबांनी माझ्यासाठी एक खेळ काढला होता. मला, म्हणजे त्यांच्या सुनीला, खोक्यावर बसवायचे आणि म्हणायचे, "सुने, डोळं मीट. आता सांग, कुठली मशीन कुरकुरतीया?" मी डोळे मिटायची. आधी सगळा नुसता गोंगाट. मग हळूहळू त्या गोंगाटाचे धागे सुटे व्हायचे. हा पट्टा, हे बेअरिंग, ही बाहेरून गेलेली टेम्पोची घरघर. "डावीकडची आबा, पट्टा सैल हाय." आबा शेडमधल्या सगळ्यांकडं असं बघायचे जसं काही मी दहावीत बोर्डात आलेय. "पोरीचा कान हाय, कान," ते म्हणायचे. आजही मला कुणी डोळे मिटायला सांगितलं तर मला आधी कूलंटचा वास येतो.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आईचं माहेर शिरोळकडचं, उसाच्या पट्ट्यातलं, पण मामा नोकरीला पेठ वडगावात, एका बँकेत. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं इतकं हळू की समोरच्यानं मान पुढं करावी लागायची. देवळाच्या गाभाऱ्यात बोलल्यासारखं तो काउंटरवर बोलायचा. पण याच माणसानं म्हशीला हाक मारली की शिरोळच्या नदीच्या पलीकडच्या काठावरची म्हैस मान वर करायची. मैना त्याच्याच शिरोळच्या गोठ्यात जन्मलेली. रेडकू असताना टेम्पोतून आमच्याकडे आली, ती मामाची हाक कानात घेऊनच आली. त्यामुळं दर पाडव्याला आमचा थाट ठरलेला असायचा. फटफटी आबा चालवायचे, आणि मागं मामा उलटा बसायचा, आबांच्या पाठीला पाठ लावून, तोंड मैनेकडं करून. पुढं इंजिन गर्जायचं, मागं मामा "हौऽऽ मैनाऽऽ, हौऽऽ" अशी लांब, गोड हाक द्यायचा, आणि मैना सासरी निघालेल्या राणीसारखी मागून यायची. सबंध गल्ली बघत राहायची. दोघं घामाघूम होऊन परत यायचे, एकाच तांब्यातून पाणी प्यायचे आणि संध्याकाळपर्यंत भांडायचे, यंदा मैना चांगली पळाली ती कुणामुळं.

त्या वर्षी भांडणाला नवा विषय मिळाला. मी.

मी विद्यापीठात जायला लागले होते. माळावरचं विद्यापीठ, मोठाली झाडं, तळं, आणि मोर. वर्गात व्याख्यान चालू असताना बाहेर मोर ओरडायचा आणि आमचे सर वाक्य अर्धवट सोडून तो संपायची वाट बघायचे. त्या अभ्यासक्रमात पहिलं सत्र सगळ्यांना सारखं होतं, आणि दिवाळीची सुट्टी संपली की सांगायचं होतं, पुढं फायनान्स की टेक्निकल. एकदा सांगितलं की बदलायचं नाही. टेक्निकलला प्रयोगशाळा, मशीन, आराखडे. तिथं मी पहिल्या दिवसापासून लाडकी होते. मोटार बिघडली तर मास्तर मलाच पुढं बोलवायचे, "ये, ऐक जरा." आणि फायनान्सला एक फळा, एक खडू आणि एक झोपाळू दुपार.

त्या दुपारीच सगळा घोटाळा झाला. फायनान्सच्या सरांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली, इतकी लांब की ती फळा संपून भिंतीवर गेली. डाव्या टोकाला लिहिलं 'आज'. मग भिंतीवर, पंख्याच्या बटणाजवळ, लिहिलं 'उद्या'. आणि म्हणाले, "लांबची वस्तू लहान दिसते की नाही? तसा उद्याचा रुपया आजच्यापेक्षा लहान दिसतो. किती लहान, ते बघायला शिकणं म्हणजे हा विषय." बस्स. वर्गातली निम्मी मुलं पेंगत होती. मी मात्र त्या रेघेवरून चालत निघाले. मला दिसायला लागलं, रेघेच्या पार टोकाला, धुक्यात, अजून न बांधलेली घरं, न लावलेला ऊस, न जन्मलेली रेडकं, सगळी इवली इवली, आणि इथं खुर्चीत बसून त्यांच्याबद्दल आज बोलता येतं! यंत्र म्हणजे जे आहे ते. हे म्हणजे जे अजून झालेलंच नाही ते. मला लहानपणापासून ज्या थापा मारायची आवड होती त्यांना विद्यापीठानं चक्क विषयाचा दर्जा दिला होता. बाहेर मोर ओरडला. मला वाटलं, माझ्याच वतीनं ओरडला.

आता हे आबांना कसं सांगायचं? आबांनी दुकानावर नवा बोर्ड रंगवायला टाकला होता. सगळ्या उद्यमनगरात 'आणि सन्स', 'आणि ब्रदर्स' असे बोर्ड होते. आबांनी पेंटरला सांगितलं होतं, शेवटी 'आणि कन्या' लिही. पेंटरनं 'आणि' पर्यंत रंगवलं आणि तो दिवाळीला गावी गेला. तेव्हा दुकानावर मोठ्या लाल अक्षरांत आबांचं नाव, पुढं इंजिनिअरिंग वर्क्स, आणि पुढं नुसतंच 'आणि'. येणारा-जाणारा विचारायचा, "आणि काय वो?" आबा मिशीत हसायचे, "दिवाळी हू द्या, मग बगा." तिकडं मामानं वडगावात अख्ख्या बँकेला सांगून टाकलं होतं की भाची फायनान्स घेणार. कारण मामानं विचारलं तेव्हा मी म्हणाले होते, "बगू की मामा." आणि आबांनी विचारलं तेव्हाही म्हणाले होते, "बगू की आबा." दोघांनी आपापल्या सोयीचं ऐकलं. घरात दोन प्रेमळ माणसं असली की असं बोलणं फार लवकर अंगवळणी पडतं.

नरकचतुर्दशीला सकाळी, अंगाला अजून उटण्याचा वास येत असताना, मामा आला. हातात वाडीची बासुंदी. नृसिंहवाडीला दत्ताचं दर्शन घेऊन थेट आलेला.

"कशापायी एवढी?" आबांनी विचारलं.

"भाचीसाठी. फायनान्स घेणार म्हणून." मामा नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला.

आबांनी चकली खाली ठेवली. "पावणं, वाटेत ऊन लागलं काय तुमाला? पोरगी टेक्निकल घेणार हाय. बोर्ड रंगतोय तिकडं."

"मला म्हणाली हाय ती."

"मला बी म्हणाली हाय."

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. आई झारा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. भिंतीपलीकडं हसनचाचांचं मशीनही थांबलं, हे मी आबांनीच शिकवलेल्या कानानं बरोबर टिपलं.

"काय गं सुने?" आबा म्हणाले.

"चकली लई भारी झालीया, आई," मी म्हणाले.

त्यानंतर जे झालं त्याला नाटकाचा दुसरा अंकच म्हणायला हवं. मामा म्हणाला, लेथवर उभी राहून पोरगी काळी पडंल. आबा म्हणाले, बँकेत बसून पिवळी पडंल, तुमच्यावाणी. मामा म्हणाला, दाजी, जग कुठं चाललंय बघा. आबा म्हणाले, जग चाललंय ते बेअरिंगवर चाललंय. आणि मग, घरातलं कुठलंही भांडण शेवटी जिथं जायचं तिथंच हेही गेलं.

"एवढी अक्कल तर म्हशीला बी हाय," आबा म्हणाले. "ती बगा कशी माझ्या इंजिनाच्या मागं पळती. तिला कळतं यंत्र."

"तुमच्या इंजिनाच्या मागं?" मामाचा आवाज पहिल्यांदाच घरात चढला. "दाजी, ती माझ्या हाकेमागं पळती! फटफटी नुसती धुरासाठी असती म्होरं."

"माझ्या गाडीवर आता बसायचं न्हाय."

"बोलावलं तरी बसत न्हाय."

आईनं झारा कढईवर आपटला. "मग त्या म्हशीलाच इचारा जावा! ती ज्याच्या मागं जाईल तेच शिकूदे पोरगीला. माझं तळण करपाया लागलंय."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. तर आई नंतर जन्मभर सांगायची, "मी आपलं रागानं बोललो गं, ह्यांनी खरं धरलं." पण त्यांनी खरंच खरं धरलं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. आणि दोन शहाण्या, कमावत्या, मिशीवाल्या माणसांना एकाच क्षणी वाटलं की हे न्यायाचं झालं. ठरलं. पाडव्याला आबा फटफटी घेऊन एका रस्त्यानं सुटणार, मामा आपली स्कूटर घेऊन दुसऱ्या रस्त्यानं. मैना फटफटीमागं गेली तर टेक्निकल, मामाच्या हाकेमागं गेली तर फायनान्स. माझं मत कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी मैनेला घेऊन पंचगंगेवर गेले. घाटाच्या पायऱ्या उन्हानं तापलेल्या, पण पाण्याला थंडीची पहिली चाहूल. मैना पाण्यात शिरली आणि नाक तेवढं वर ठेवून डोळे मिटून पडली. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून तिच्या पाठीवरून नारळाची शेंडी फिरवत होते. पलीकडच्या काठावर कुणाच्या म्हशी होत्या, काळ्या ठिपक्यांएवढ्या. मला सरांची रेघ आठवली. हा काठ आज, तो काठ उद्या. पाणी सावकाश वाहत होतं, कुठंतरी ऊस पेटवल्याचा धूर आडवा पसरला होता, देवळातली घंटा मधूनच वाजायची आणि तिचा आवाज पाण्यावरून घरंगळत जायचा. मला तेव्हा अगदी स्वच्छ कळलं की मला काय हवंय. आणि तितकंच स्वच्छ कळलं की मैना जर मामाच्या मागं गेली, तर आबांचा तो चेहरा मला बघावा लागणार, आणि पेंटरला त्या 'आणि'वर पांढरा रंग फासावा लागणार. मैना आबांच्या मागं गेली, तर ती रेघ भिंतीवर तशीच राहणार आणि मी जन्मभर जे आहे ते दुरुस्त करत बसणार. मी मैनेच्या कानाशी वाकले. काही सांगावं म्हणून. पण काय सांगणार? तिनं एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं आणि परत मिटला.

पाडव्याला मैना अशी सजली होती की लग्नातली नवरी शेजारी उभी राहिली नसती. शिंगं गुलाबी, गळ्यात कवड्या, आणि हसनचाचांनी मोटारींच्या सीटचं लाल रेक्झिन वापरून तिला झूल शिवली होती, कडेला सोनेरी गोंडे. आमची गल्ली संपते तिथं रस्त्याला दोन फाटे फुटतात. डावीकडचा नदीला, उजवीकडचा बाजाराला. डाव्या फाट्यावर आबा, फटफटीवर, छाती पुढं काढून. उजव्या फाट्यावर मामा, पांढऱ्या शर्टात, स्कूटरवर. मधोमध हसनचाचा मैनेची दोरी धरून. मागं गल्लीतल्या बाकीच्या म्हशी आणि त्यांचे मालक खोळंबलेले. गच्च्यांवर बायका. मी आईजवळ उभी. आई माझा हात इतका घट्ट धरून होती की बांगडी रुतत होती.

"सोडू काय?" हसनचाचा ओरडले.

"सोडा!"

आबांनी गाडीची मूठ पिळली. आवाज असा उठला की खिडक्यांची तावदानं थरथरली. मैनेनं कान टवकारले, चाळ झणाणले, ती डावीकडं धावली. आणि ती थांबली. इंजिन होतं, पण हाक कुठं होती? तेवढ्यात उजवीकडून मामाची हाक आली, "हौऽऽ मैनाऽऽ!" मैना गर्रकन वळली, उजवीकडं धावली. गच्चीवरून टाळ्या. आणि ती परत थांबली. हाक होती, पण हाकेखालचं इंजिन कुठं गेलं? ती डावीकडं बघायला लागली. मग उजवीकडं. परत डावीकडं. इतकी वर्षं तिनं दोन्ही एकत्रच ऐकलं होतं. आबांना वाटायचं आपली गाडी, मामाला वाटायचं आपली हाक, आणि मैनेला त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच ठाऊक नव्हतं. ती हळूहळू चालत दोन फाट्यांच्या बरोबर मध्ये आली, एक मोठा सुस्कारा सोडला, पुढचे गुडघे टेकले, आणि लाल झुलीसकट रस्त्यात बसली.

म्हैस बसली की बसली. मागून ओरडा सुरू झाला. "अवो, रस्ता सोडा की!" "आमच्या म्हशी तापाया लागल्या!" कुणीतरी गच्चीवरून ओरडलं, "तिला दोन्ही विषय पसंत न्हाईत! तिला आर्ट्सला घाला!" सगळी गल्ली हसली. आबा आणि मामा आपापल्या फाट्यावरून परत आले आणि मैनेच्या दोन बाजूंना उभे राहिले, एकमेकांकडं न बघता. आबांनी शेपूट ओढून पाहिली, मामानं गूळ दाखवला. मैना निवांत रवंथ करत होती. आमच्या ऑफिसात नव्यानं आलेली मुलं मला कधीकधी विचारतात, मॅडम, तुम्ही हे क्षेत्र कसं निवडलंत? मी सांगते, रस्ता तुंबला होता म्हणून. त्यांना वाटतं मॅडम विनोद करताहेत.

शेवटी हसनचाचाच पुढं झाले. "अरे, दोघं बसा की एका गाडीवर! दरवर्सी बसतायसा न्हवं?"

"ह्यो माझ्या पाठीला नको," आबा म्हणाले.

"मी बी बसत न्हाय," मामा म्हणाला.

हसनचाचांनी कपाळाला हात लावला, इकडं तिकडं पाहिलं, आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. "मग पोरीला मधी घाला. पाठीला पाठ लागाया नको. झालं समाधान?"

असं मला फटफटीवर चढवण्यात आलं. पुढं आबा, त्यांच्या शर्टाला पेट्रोलचा आणि लोखंडाचा वास. मागं मामा, उलटा, त्याची पाठ माझ्या पाठीला. मी मध्ये, बाकरवडीतल्या सारणासारखी. आबांनी किक मारली. मामानं श्वास भरला, तो मला माझ्या पाठीत जाणवला, आणि ती हाक सुटली. मैना एका झटक्यात उठली. चाळ झणाणले, गोंडे उडाले, आणि आम्ही निघालो.

त्या धावण्याबद्दल मी कित्येक वेळा सांगितलंय आणि प्रत्येक वेळी ते थोडं लांबलंय, पण लांबवल्याशिवाय ते सांगता येत नाही. दोन्ही बाजूंनी माणसं, झेंडूच्या माळा, कुणी उधळलेला भंडारा उन्हात पिवळा पिवळा तरंगतोय, मागं मैनेच्या खुरांचा थाप थाप आवाज, आणि खाली इंजिन, जे माझ्या हाडांतून वाजत होतं. इतका आवाज की आवाजच राहिला नव्हता. आत एक मोठी शांत खोली असावी तसं झालं होतं. त्या खोलीत मी एकटीच होते. रस्ता पुढं नदीपर्यंत सरळ जात होता, एका रेघेसारखा. आणि मी आबांच्या खांद्याला धरून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, पोटातून, फुफ्फुसातून, जिवाच्या आकांतानं ओरडले, "आबा, मी फायनान्स घेणारऽऽ!"

"व्हय!" आबा ओरडले. मान हलवली आणि गाडी आणखी पळवली.

मामाला ऐकू आलं नाही. तो तिकडं मैनेला साद घालत होता. आबांना काय ऐकू गेलं, देव जाणे. त्या आवाजात ते कशालाही 'व्हय' म्हणाले असते. पण मला एकदम हलकं वाटलं. शब्द तोंडातून बाहेर पडला होता. कुणी ऐकला नाही तरी तो आता जगात होता. मैना नदीवर जाऊन पाणी प्याली. आबा आणि मामा एकाच तांब्यातून पाणी प्याले, तांब्या एकमेकांच्या हातात न देता, मध्ये खाली ठेवून.

संध्याकाळी बाकीचे पाहुणे गेले, आई पुरणपोळीनंतरची भांडी आवरत होती. आबा अंगणात सायलेन्सर परत बसवत होते. मी पाना हातात घेऊन शेजारी बसले होते, त्यांनी मागितला की द्यायला. त्यांनी एक नट बसवला. दुसरा बसवला.

"सकाळी गाडीवर तू काय तरी वरडलीस," ते म्हणाले.

"व्हय."

"काय वरडलीस ते कळलं न्हाय. इंजिनाचा आवाज लई हुता." त्यांनी फडक्यानं हात पुसले, एकेक बोट. "पर वरडलीस ते कळलं. आन मग मी दिसभर इचार केला. टेक्निकलच म्हणायचं असतं, तर कवाच म्हणाली असतीस की. चकली खाताना म्हणाली असतीस. त्याला एवढं वरडाया कशाला लागतंय?"

मी पाना हातात फिरवत राहिले.

"फायनान्स, न्हवं?"

"व्हय, आबा."

त्यांनी मान हलवली. एखाद्या मशीनचा आवाज ऐकून दोष सापडल्यावर हलवायचे तशी. मग माझ्याकडं हात केला. मी पाना दिला. त्यांनी शेवटचा नट पिळला, फार घट्ट, लागतो त्यापेक्षा जास्तच. नंतर आत जाऊन मामाला म्हणाले, "पावणं, उरलीया काय ती बासुंदी?" मामा रात्री परत वडगावला गेलाच नाही.

बोर्डावरचा 'आणि' मात्र आबांनी पुसू दिला नाही. पेंटर गावाहून आला, विचारायला लागला, पुढं काय लिहू? आबा म्हणाले, असू दे तसाच. दुकान होतं तोवर तो तिथं होता, उन्हात लालाचा गुलाबी झाला. कुणी विचारलं, "आणि काय?" तर आबा म्हणायचे, "आणि बगू."

सुट्टी संपल्यावर विद्यापीठात निवड सांगायला गेले, त्या दिवशी आबांनी मला फटफटीवरून सोडलं. सकाळची वेळ, माळावर धुकं, झाडांतून मोर ओरडत होते. सायलेन्सर बसवलेला असल्यामुळं गाडी इतकी सभ्य चालत होती की ओळखू येऊ नये. फाटकाशी मी उतरले. आबांनी खिशातून रुमाल काढून आरसा पुसला, तो स्वच्छच होता.

"जा," ते म्हणाले. "आत जाऊन सावकाश सांग. आता वरडायचं काय कारण न्हाय."

ते वळले आणि उतारावरून खाली निघाले. धुक्यात आधी ते दिसेनासे झाले, मग गाडी. मी डोळे मिटले. आवाज तेवढा राहिला, लांब जाताना लहान लहान होत गेलेला, आणि बाकीच्या सगळ्या गाड्यांमधून तो मला कितीतरी वेळ वेगळा ओळखता येत होता.